झोपाळ्याच्या फळीवर दोनदा केलेले पॉलिश: नाशकात वापरून पाहिलेले सीलर आणि फिनिश

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला सागवानी झोपाळा आला. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि पावणेदोन इंच जाड अशी ती फळी, चार कोपऱ्यांना पितळी कड्या, आणि मधोमध तीन पिढ्यांच्या बसण्या-उठण्याने आलेली किंचित खोलगट झीज. इंदिरानगरच्या घरात तो टांगण्यापूर्वी त्याला नवे पॉलिश करून घ्यावे म्हणून मी ऐन ऑगस्टमध्ये एका कारागिराला काम दिले. फळी परत आली तेव्हा चकचकीत दिसत होती. तीन आठवड्यांत तिच्यावर दुधी ढग दिसू लागले, कडेच्या पट्ट्यात दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या स्पष्ट झाल्या आणि कड्यांपाशी तर नखाने ओढले की पापुद्रा निघू लागला.

तो सगळा थर खरवडून ती फळी मी स्वतः पुन्हा केली, आणि त्यानंतर घरातले लिहिण्याचे टेबल आणि पश्चिमेकडे तोंड असलेले मुख्य दारही केले. या तीन कामांत तीन वेगवेगळ्या जातींची फिनिश वापरली गेली आणि त्यांच्यावरून आता दोन पावसाळे गेले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी काही सांगण्याचा अधिकार आपल्याला आला आहे असे वाटते. कंपन्यांची नावे मुद्दामच देत नाही. डब्यावरचे नाव कोणते आहे यापेक्षा डब्यातला पदार्थ कोणत्या जातीचा आहे, यावर काम टिकणे किंवा बिघडणे कितीतरी अधिक अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे.

त्या पहिल्या कामात चूक कुठे झाली, हे आधी सांगतो. कारागिराचा हात सफाईदार होता आणि वरचा पीयूही (म्हणजे पॉलियुरेथेनचे फिनिश) चांगल्या प्रतीचा होता. बिघाड खालच्या सीलरमध्ये, म्हणजे कोऱ्या लाकडावर सर्वांत आधी देतात त्या थरात होता. त्याने बाजारात सर्वांत सहज मिळणारा, नायट्रोसेल्युलोजचा साधा सँडिंग सीलर भर पावसाळ्यात लावला. हा सीलर थिनर उडून गेल्यामुळे वाळतो, आणि थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग इतका थंड होतो की दमट हवेतले बाष्प त्यावर बसते आणि वाळणाऱ्या थरात अडकते. दुधी ढग दिसतात ते या अडकलेल्या ओलाव्यामुळे. दुसरी गोष्ट अशी की, नायट्रोसेल्युलोजचा थर वाळल्यानंतरही तीव्र थिनरात पुन्हा विरघळतो. त्यावर दोन भागांचा, म्हणजे बेस आणि तो घट्ट करणारा हार्डनर मिसळून केलेला पीयू लावला की पीयूच्या थिनरने खालचा थर मऊ होतो, वरचा थर मात्र हार्डनरमुळे आवळत घट्ट होत जातो, आणि या ओढाताणीतून सुरकुत्या पडतात. पीयूखाली पीयूचाच सीलर आणि लॅकरखाली (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या फिनिशखाली) लॅकरचाच सीलर, हा नियम त्या कारागिराला ठाऊक नसेल असे नाही. पण दुकानात सीलर म्हणून एकच डबा मागितला जातो आणि तोच सगळीकडे चालवला जातो, ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे.

सीलर कशासाठी लावायचा, याबद्दलही बराच गैरसमज आढळतो. सागासारख्या लाकडाची छिद्रे मोठी आणि उघडी असतात, आणि फळीचा एक भाग जास्त पितो तर दुसरा कमी. सीलरचा पहिला हात ही तहान सर्वत्र सारखी करतो आणि उभे राहिलेले बारीक तंतू जागच्या जागी कडक करतो, म्हणजे ते घासून साफ काढता येतात. साध्या सँडिंग सीलरमध्ये झिंक स्टिअरेट नावाचा साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. त्यामुळे घासताना पॉलिश पेपर चिकटत नाही आणि पीठासारखी पांढरी पूड सुटत राहते. घासण्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे, पण याच पदार्थामुळे थर मऊही राहतो. म्हणून सीलरचे चार-पाच हात देऊन जाडी आणायची आणि वर लॅकरचा एकच पातळ हात फिरवायचा, ही स्वस्तात चमक आणण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. असे फर्निचर दुकानात आरशासारखे दिसते, आणि वर्षभरात त्यावर पेल्याच्या बुडाचे गोल उमटतात. सीलरचे एक किंवा दोन पातळ हात पुरतात, आणि दोन्ही नीट घासलेले असावेत.

फळीवरचा जुना थर पेंट रिमूव्हर लावून आणि पातळ पोलादी पात्याने खरवडून काढला. त्यानंतर ८०, १२०, १८० आणि २२० या क्रमाने पॉलिश पेपर फिरवला, प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषांच्याच दिशेने. मधला एखादा नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पण सीलर लागताच ते एकदम उठून दिसतात. यावर एक सोपा उपाय आहे. रात्री खोलीतला दिवा मालवून बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या माझ्या फळीवर त्या तिरप्या उजेडात १२० च्या कागदाचे ओरखडे आणि सांध्यालगत बोटभर रुंदीचा, थोडा वेगळा चमकणारा पट्टा दिसला. तो फेविकॉलचा पट्टा होता. फळीचा सांधा चिकटवताना बाहेर आलेला गोंद मी ओल्या फडक्याने पुसला होता. म्हणजे तो पातळ होऊन लाकडात मुरला होता. अशा जागी लाकूड काहीच पीत नाही आणि पॉलिशखाली तो डाग कायमचा फिकट राहतो. तेव्हापासून मी गोंद अर्धवट वाळून रबरासारखा झाला की पटाशीने अलगद उचलून काढतो.

शेवटच्या घासणीनंतर फळीवरून पिळून घेतलेले ओले फडके फिरवले आणि ती पूर्ण वाळू दिली. पाण्याने लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात. ते २२० च्या कागदाने अगदी हलक्या हाताने काढले की पुढे त्रास देत नाहीत. फळीची दोन्ही टोके मात्र ३२० पर्यंत घासली, कारण आडव्या कापलेल्या टोकांची तोंडे उघडी असतात, ती पॉलिश अधिक पितात आणि बाकीच्या फळीपेक्षा काळपट होतात. मग थिनरात भिजवलेल्या पांढऱ्या सुती फडक्याने सगळी फळी पुसली. पहिले फडके गडद पिवळे झाले, तिसरे फिके, आणि पाचवे जवळजवळ पांढरे राहिले. सागात मुळातच नैसर्गिक तेल असते, आणि या फळीत तर पाठीमागच्या कडेला अनेक वर्षे टेकलेल्या डोक्यांचे खोबरेलही मुरलेले होते. हे पुसणे राहून गेले की फिनिश लाकडाला न चिकटता तेलाला चिकटते. पहिल्या वेळी कड्यांपाशी पापुद्रा सुटला तो याचमुळे, असे मला वाटते. पुसल्यावर फार वेळ न दवडता पहिला हात द्यावा, कारण आतले तेल हळूहळू पुन्हा वर येते.

झोपाळ्यासाठी मी पीयूच निवडला, पण या वेळी संपूर्ण संच एकाच जातीचा घेतला: पीयू सीलर, मॅट टॉपकोट, त्यांचे-त्यांचे हार्डनर आणि सावकाश उडणारा थिनर. माझ्या डब्यावर दोन भाग बेसला एक भाग हार्डनर असे प्रमाण होते आणि खाली बारीक अक्षरांत ते वजनाने घ्यावे असे लिहिले होते. बेस आणि हार्डनर यांची घनता सारखी नसते, त्यामुळे मापाच्या पेल्याने घेतलेले दोनास एक आणि वजनाने घेतलेले दोनास एक यांत फरक पडतो. मी एक छोटा तराजू याच कामासाठी वेगळा ठेवला आहे. हार्डनर कमी पडला तर थर चिकट राहतो, जास्त पडला तर ठिसूळ होतो. आणि ही चूक एकदा फळीवर गेली की खरवडण्याशिवाय गत्यंतर नाही. मिश्रण दोन-तीन तासांत दाटू लागते, म्हणून एका हाताला लागेल तेवढेच तयार करावे. मॅट डब्यात चमक मारणारी पूड तळाशी बसलेली असते. काठीने तळ खरवडून ढवळले नाही तर पहिली अर्धी फळी चमकदार आणि शेवटची अर्धी राखट होते.

सीलरचे दोन हात, प्रत्येकानंतर ३२० चा कागद, आणि टॉपकोटचे दोन हात असे काम केले. फवारणीचे यंत्र माझ्याकडे नाही. मऊ केसांचा रुंद ब्रश, आडवी ठेवलेली फळी आणि सावकाश उडणारा थिनर एवढ्यावर ब्रशच्या रेघा बऱ्यापैकी बसतात, पण फवारणीची सफाई येत नाही, हे मान्य केले पाहिजे. काम नोव्हेंबरच्या अखेरीस केले. नाशकात या कामासाठी दसऱ्यानंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम, असा माझा अनुभव आहे. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सकाळी अकराच्या आधी डबा उघडू नये, कारण इतक्या थंडीत थर वाळण्यास फार वेळ घेतो आणि तेवढ्यात त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे अडकतात. एप्रिल-मेच्या उन्हात थर नीट पसरण्याआधीच वरून वाळतो आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची वाफ किंवा तुषार श्वासातून वारंवार गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा कापडी मास्क लावून काही उपयोग नाही. वाफ शोषणारे डबे बसवलेला मास्क, हातमोजे आणि वाहती हवा हवी. बंद खोलीत नुसता रुमाल बांधून पीयू फवारणारे कारागीर मी पाहिले आहेत. काम देणाऱ्या घरमालकांनी मास्कचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दोन पावसाळ्यांनंतर झोपाळ्याबद्दल माझे मत चांगले आहे. गरम चहाचे कप, पावसात भिजून आलेली मुले, घामेजलेले हात यांचा काहीही डाग राहिलेला नाही. दोष एवढाच की, ओरखडा पडला तर तेवढ्या जागेपुरती दुरुस्ती जमत नाही. पीयूचा नवा हात जुन्यात विरघळत नाही, तो नुसता वर बसतो, आणि दुरुस्तीच्या कडेची रेघ दिसत राहते. एका खेळण्यातल्या गाडीने ओढलेला बोटभर लांबीचा ओरखडा मी तसाच ठेवला आहे. आणखी एक सूचना: थर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर त्यावर बसू नये आणि सतरंजीही टाकू नये.

लिहिण्याच्या टेबलासाठी लाखेचे पॉलिश केले, आणि या तिन्ही कामांत मला सर्वांत अधिक आनंद त्याने दिला. चपडी लाख ही लाखेच्या किड्याने पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेल्या स्रावापासून बनते. झारखंड हे तिचे मोठे उत्पादक राज्य, आणि रांचीजवळच्या नामकूम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. मी एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटात २४० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत भिजवली आणि दिवसातून दोन-तीनदा हलवत राहिलो. लोखंडी डबा वापरू नये; लोखंडाशी संपर्क आला की लाख काळवंडते. दोन दिवसांत चपडी विरघळली, आणि बरणी आठवडाभर न हलवता ठेवल्यावर तळाशी ताकासारखा गढूळ थर बसला व वर मधाच्या रंगाचे स्वच्छ पॉलिश राहिले. तळाचा गढूळ थर म्हणजे लाखेतले नैसर्गिक मेण. वरचे स्वच्छ पॉलिश अलगद दुसऱ्या बरणीत ओतून घेतले की ते सीलर म्हणूनही वापरता येते, कारण मेण काढलेल्या लाखेवर बहुतेक सगळी फिनिश चांगली बसतात. जुन्या लाकडात मुरलेले तेल, मेण किंवा फवाऱ्याच्या फर्निचर पॉलिशमधले सिलिकोन यांमुळे नव्या थराला गोल खड्डे पडतात. तेथे लाखेचा एक पातळ हात मध्ये भिंतीसारखा उभा राहतो.

मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, तेलाचा एखादा थेंब लावून, टेबलावर आठ दिवसांत बरेच पातळ हात फिरवले. प्रत्येक हात खालच्या हातात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे सागाच्या शिरा थरावर थर चढत असतानाही बुजत नाहीत, उलट खोल दिसू लागतात. ही खोली मला पीयूमध्ये कधीच मिळाली नाही. मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. गरम भांडे ठेवले की पांढरे कडे उमटते, हातावरच्या सॅनिटायझरचा थेंब पडला की तेथले पॉलिश विरघळते, आणि भिजवलेली लाख सहा महिन्यांहून जुनी झाली की ती नीट कडक होत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलाला किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटांना हे पॉलिश सुचवणार नाही. पुस्तकांचे कपाट, देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूची नक्षी, आरशाची चौकट, पेटी यांना ते खुशाल करावे. दुरुस्ती तर फारच सोपी: बोळा ओला करून तेवढ्याच जागी फिरवला की डाग मिटतो.

मुख्य दाराची गोष्ट वेगळी आहे. नाशकात पश्चिमेकडच्या दाराला उन्हाळ्याच्या दुपारचे ऊन आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड, दोन्ही सोसावे लागते. आधीच्या चकचकीत पारदर्शक थराचे उन्हाने खवले सुटले होते आणि खालचा साग राखाडी पडला होता. पारदर्शक थरातून सूर्याचे अतिनील किरण लाकडापर्यंत पोचतात, लाकडाचा वरचा पदर कमकुवत करतात, आणि मग वरचा थर कितीही भक्कम असला तरी त्याच्याखालची पकड सुटते. म्हणून मी दाराला जाड थर न देता जवसाचे उकळलेले तेल दिले, ज्याला आपल्याकडच्या रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात. पहिला हात थोडे टर्पेंटाइन घालून पातळ केला. पंधरा-वीस मिनिटांनी लाकडाने न प्यालेले तेल पूर्ण पुसून काढले, आणि एकेक दिवस मध्ये सोडून असे चार हात दिले. पुसण्यात आळस केला की वर चिकट साय धरते आणि ती धूळ पकडते. दरवर्षी मेमध्ये एक हात द्यावा लागतो, पण त्यासाठी काहीही खरवडावे लागत नाही. रंग वर्षागणिक गडद होत जातो. तो मला आवडतो, सर्वांना आवडेलच असे नाही.

बेलतेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि चुरगाळलेल्या फडक्याच्या आत ती साठत जाऊन फडके आपोआप पेट घेऊ शकते. मी ती फडकी पाण्यात भिजवून मग गच्चीवर एकेरी पसरून वाळवतो आणि कडक झाल्यावरच टाकतो.

दाराच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडला तो फिनिशच्या जातीने नव्हे, तर दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेने. पूर्वी दर पावसाळ्यात आमचे दार फुगून चौकटीला घासायचे, मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घ्यावा लागायचा, आणि मार्च आला की त्याच ठिकाणी फट दिसायची. बिजागऱ्या काढून दार खाली उतरवले तेव्हा दिसले की दोन्ही बाजू चकचकीत असूनही खालची कड पूर्णपणे कोरी, करवतीच्या खुणांसह तशीच होती. उभ्या दांड्यांची टोके तेथे उघडी असतात, आणि जमीन पुसल्याचे पाणी, पावसाचे ओघळ सगळे ती टोके शोषून घेतात. कोणतेही फिनिश ओलावा पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग फक्त कमी करते. म्हणून तो वेग सहाही बाजूंना सारखा हवा. खालच्या कडेला तेल पिणे थांबेपर्यंत सहा हात द्यावे लागले. त्यानंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत दार घासलेले नाही.

इतर फिनिशबद्दल थोडक्यात. साधे लॅकर स्वस्त आहे, झटपट वाळते, आणि कमी हाताळल्या जाणाऱ्या चौकटींना किंवा शोभेच्या वस्तूंना पुरेसे आहे. मेलामाइन कडक असते, पण ते आम्लाच्या साहाय्याने घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सोडते आणि डोळ्यांना झोंबणारा तो वास घरात दीर्घकाळ राहतो. माणसे राहत असलेल्या घरात ते मी करून घेणार नाही. पाण्यातला पीयू मी एका लहान स्टुलावर वापरून पाहिला. वास कमी, ब्रश पाण्याने धुतला जातो, आणि नवशिक्याने यानेच सुरुवात करावी असे मी म्हणेन. फक्त सागावर तो जरा निस्तेज दिसतो. तेथे खाली मेण काढलेल्या लाखेचा हात दिला तर सागाचा मधासारखा रंग परत येतो. पोळपाट-लाटण्याला यातले काहीही लावू नये. कोरे लाकूडच बरे.

आता खरेदीविषयी. मी साहित्य रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या रंगाच्या दुकानातून घेतो. तेथली जमेची बाजू म्हणजे काउंटरवरचे काका आधी लाकूड कोणते, वस्तू कुठे ठेवणार आणि ब्रशने लावणार की फवारणार, हे विचारतात आणि मगच डबा काढतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला मोठा डबा विकण्याचे टाळून सर्वांत लहान पॅक दिला, कारण हार्डनरचा डबा एकदा उघडला की हवेतल्या ओलाव्याने तो काही आठवड्यांत जेलीसारखा गोठतो. "आधी कापलेल्या तुकड्यावर सगळे हात देऊन बघा, मग फळीला हात लावा," असेही त्यांनी बजावले. गैरसोय अशी की, त्या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण आणि संध्याकाळच्या गर्दीत त्यांना सविस्तर बोलायला सवड नसते. सकाळी दुकान उघडताच जावे. झोपाळ्याच्या, टेबलाच्या आणि दाराच्या कामाचे ते तिन्ही नमुन्याचे तुकडे माझ्याकडे आहेत. प्रत्येकाच्या मागे नंबर, प्रमाण, तारीख आणि त्या दिवशीची हवा पेन्सिलीने लिहिलेली आहे, आणि आता शेजारच्या एका बाईंच्या शिसवी पाटांचे काम हाती घेताना पहिल्यांदा तेच बाहेर काढले आहेत.